खोक्यातला भात आणि सुदाम्याचे पोहे

"खोक्यातले अन्न घरात आले आणि आपली खाद्यसंस्कृती बुडाली." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता वाक्याआधी मी बोलणाऱ्याकडे बघतो. तो बहुतेक वेळा पुरुष असतो. त्याच्यापुढे ताट वाढलेले असते. आणि ते ताट त्याने स्वतः वाढून घेतलेले नसते.

मागच्या हिवाळ्यात इंदूरला मावसबहिणीकडे होतो. ती सुदामा नगरात राहते. शहराच्या पश्चिमेची ही मोठी वसाहत, एका अंगाला फूटी कोठी, दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा मार्ग. मराठी आडनावांच्या पाट्याही बऱ्याच दिसतात. बहीण नोकरीवरून संध्याकाळी सात-साडेसातला येते. त्या दिवशी तिच्या सासरकडचे एक काका जेवायला होते. पोळ्या, वरण, दुधीची भाजी एवढे तिने केले आणि तोंडीलावणे म्हणून दोन खोकी फोडली. एकात मसाल्याच्या पुडीसकट मॅकरोनी, दुसऱ्यात शेवया घातलेला पुलाव. काकांनी पुलाव दोनदा मागून घेतला आणि मग म्हणाले, "अन्नपूर्णेच्या देवळाच्या इतक्या जवळ राहता आणि घरात पुड्या फोडता? आमची आई गव्हले वळायची." बहीण म्हणाली, "खरंय काका," आणि त्यांच्यासाठी आणखी एक गरम पोळी आणायला आत गेली. मी पाहुणा, म्हणून गप्प बसलो. जे तिथे बोललो नाही ते इथे लिहितो.

आधी ही बुडालेली संस्कृती म्हणजे काय ते पाहू. काकांनी गव्हल्यांचे नाव घेतले, बरे केले. गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे, सरगुंडे या सगळ्याला मराठीत एक सुंदर शब्द आहे : वळवट. रव्याचे नाहीतर मैद्याचे घट्ट पीठ, बोटांच्या चिमटीत घेऊन गव्हाच्या दाण्याएवढे वळायचे, वाळवायचे आणि डब्यात भरायचे. लग्नामुंजीच्या आधी बायकांनी जमून गव्हले वळण्याचा मुहूर्त असे. इटालियन लोक ज्याला पास्ता म्हणतात ती हीच वस्तू. पीठ मळून, आकार देऊन, वाळवून, साठवून ठेवलेली. वाळवायचे कशासाठी? तर ऐनवेळी पाहुणा आला की दूध उकळत ठेवून चटकन खीर करता यावी म्हणून. म्हणजे आजीचा गव्हल्यांचा डबा आणि बहिणीचे मॅकरोनीचे खोके यांचा हेतू एकच. डब्यावर जाहिरात नव्हती एवढाच फरक.

आपल्या गोव्यात तर हे सांगायलाच नको. पावसाच्या तोंडावर पुरुमेंत भरणारी माणसे आपण. सोलां, मिरच्या, खारे मासे, फणसाचे पापड, उकडे तांदूळ, सगळे घरात आणून टाकायचे आणि चार महिने त्यातून काढून खायचे. उकडा तांदूळ हासुद्धा कारखाना नसतानाचा 'प्रक्रिया केलेला' माल : भात उकडायचे, वाळवायचे, मग सडायचे. आणि फोव? भात भिजवून, भाजून, चेचून चपटे केले की तांदूळ अर्धामुर्धा शिजलेलाच असतो. ताक ओतले की जेवण तयार, चूलसुद्धा लागत नाही. दिवाळीला आपण ताकातले, रोसातले, गुळातले, तिखशे असे पाच-सहा तऱ्हांचे फोव घरोघर जाऊन खातो. जगातला अतिशय जुना 'झटपट' पदार्थ आपण नरकासुर जाळून झाल्यावर सणाचा म्हणून खातो आणि वर म्हणतो, झटपट पदार्थांनी संस्कृती बुडवली.

सुदामा नगर हे नाव मला म्हणूनच आवडते. सुदामा आणि कृष्ण उज्जैनला सांदीपनींकडे शिकले अशी श्रद्धा आहे. उज्जैन तिथून जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर. आणि पोह्यांवाचून इंदूरची सकाळ होत नाही. वाफेवर ठेवलेले ते मऊ पोहे, वर शेव, कांदा, जीरावन आणि शेजारी जिलबी. (गोव्यातल्या वाचकांनी नाक मुरडू नये. आपण गोड फोव आणि तिखट फोव एकाच पानात घेतो.) सुदाम्याच्या गोष्टीत पुरचुंडीतले पोहे आपल्याला आठवतात, कृष्णाने मारलेला बोकणा आठवतो, सोन्याची नगरी आठवते. पण भागवताच्या दहाव्या स्कंधात नीट पाहा. घरात काहीच नसताना शेजाऱ्यांकडे जाऊन चार मुठी पोहे मागून आणले ते त्याच्या बायकोने. फडक्यात बांधून नवऱ्याच्या हाती दिले ते तिने. भागवतात तिला नाव नाही. सुशीला हे नाव मागाहूनच्या परंपरेने दिले. पोहे अजरामर झाले आणि ते आणणारी 'ब्राह्मणाची बायको' राहिली.

आता दुसरी गोष्ट, अमेरिकेतली. तांदूळ आणि शेवयांचे तुकडे एकत्र घातलेले, मसाल्याच्या पुडीसकट विकले जाणारे पहिले गाजलेले खोके म्हणजे 'राइस-अ-रोनी'. १९५८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डी डोमेनिको कुटुंबाने ते बाजारात आणले. त्यांचा मॅकरोनीचा कारखाना होता. पण तांदूळ आणि शेवया तुपा-लोण्यात परतून शिजवायची ही कृती इटालियन नव्हे, आर्मेनियन. या घराण्यातील लोइस नावाची तरुण सून लग्नानंतर काही महिने पैलाद्झो कॅप्टेनियन या आर्मेनियन बाईंच्या घरात भाड्याने राहिली आणि त्यांच्या स्वयंपाकघरात पिलाफ करायला शिकली. या बाई १९१५ च्या आर्मेनियन नरसंहारातून वाचलेल्या. वाळवंटातून चालत गेलेल्या. १९१९ मध्ये त्यांनी आपल्या हद्दपारीच्या आठवणी फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. सगळे गमावून आलेल्या बाईने परक्या देशात एका अननुभवी मुलीला भात शिकवला, त्या भाताचे खोके झाले, खोक्यावर सॅन फ्रान्सिस्कोची ट्राम छापली गेली आणि जाहिरातीचे गाणे घरोघर पोचले. बाईंचे नाव खोक्यावर आले नाही. सुदाम्याच्या बायकोचीच गत.

या दोन्ही गोष्टी मुद्दाम सांगितल्या. खोक्याच्या आत नेहमी कुणातरी बाईचे श्रम असतात. खोक्याला शिव्या घालणारे ते श्रम बघत नाहीत आणि खोके विकणारेही बघत नाहीत.

पुडीतले अन्न आळशी बायकांसाठी निघाले, असे ज्यांना वाटते त्यांनी थोडे मागे जावे. स्वित्झर्लंडमध्ये १८८० च्या दशकात ज्युलियस मॅगी या गिरणीवाल्याने कडधान्यांच्या पिठाची झटपट सुपे काढली ती का? कारखान्यात दिवसभर राबणाऱ्या बायकांना घरी येऊन रांधायला वेळ उरत नव्हता, कामगारांच्या पोटात पुरेसे अन्न जात नव्हते, म्हणून. बाई बाहेर कामाला गेली, घरातले काम मात्र कुणी वाटून घेतले नाही. त्या फटीत पुडी शिरली. आपल्याकडे त्याच नावाच्या शेवया १९८३ मध्ये आल्या त्याही त्याच फटीतून.

ती फट किती मोठी आहे हे आपल्या सरकारनेच मोजले आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकाम करत होत्या, आणि पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात बायकांची मिनिटे २८९ झाली. दहा मिनिटे वाचली म्हणावे तर पुरुषांची ८८ झाली, त्यांची नऊ वाचली! आणि ही ८८ मिनिटेसुद्धा त्या दिवशी घरात काहीतरी काम केलेल्या पुरुषांची सरासरी आहे. ज्यांनी भांडे उचललेच नाही ते या हिशेबात धरलेले नाहीत. सुदामा नगरातले काका याच वर्गातले. पाच तास राबणाऱ्या बाईने दहा मिनिटांसाठी एक खोके फोडले तर संस्कृती बुडते. आयुष्यभर ताटावर बसून राहिले तर ती तरते. हा कुठला न्याय?

बाईला अन्नपूर्णा म्हणण्यामागची चलाखी इथेच आहे. देवी म्हटले की मजुरी द्यावी लागत नाही आणि मदतही करावी लागत नाही. देवी दमत नाही असे आपण ठरवून टाकले आहे. आपल्याकडे चवथीला हेच चालते. नेवऱ्या स्वयंसहायता गटाकडून विकत आणल्या तर हळहळणारे पुष्कळ. त्या गटातल्या बायकांना निदान नेवरीमागे पैसे मिळतात, घरच्या बाईला काय मिळते, हे विचारणारे थोडे.

एवढे वाचून मी खोकेवाल्यांचा वकील झालो असे कुणाला वाटेल. तसे नाही. त्यांच्याकडेही वळू.

खोक्यात दोन वस्तू असतात. एक म्हणजे वाळवलेला तांदूळ किंवा पास्ता. दुसरी म्हणजे ती चकचकीत पुडी. वेळ वाचवते ती पहिली वस्तू, आणि ती तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. पुडी वाचवते ती फार तर फोडणीची तीन मिनिटे. तांदूळ शिजायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागतो. गाजर-मटार तर तुम्हीच चिरून-सोलून घालायचे, खोक्यावरच्या चित्रात ते कितीही छान दिसोत. पण पैसे मोजले जातात ते पुडीचे, आणि नुकसान होते तेही पुडीनेच. तिच्यात मुख्यतः मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगते. खोक्यावर मीठ लिहिलेले नसते, सोडियम लिहिलेले असते. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणा. एका वाढणीला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल तर ते दोन ग्रॅम मीठ झाले. तेही फक्त तोंडीलावण्याचे! लोणचे, पापड, वरण आणि इंदूरची शेव अजून ताटात यायची आहे. शिवाय आकडा १०० ग्रॅममागे आहे की वाढणीमागे हे बघा, आणि ती 'वाढणी' केवढी मानली आहे तेही बघा. २०१५ मध्ये शिशाच्या आरोपावरून मॅगीवर बंदी आली, मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली, देशभर चर्चा झाली. त्या चर्चेत शिशावर सगळे बोलले, रोजच्या मिठाविषयी फारसे कुणी बोलले नाही.

पुडीचा दुसरा अपराध मला जास्त टोचतो. ती हाताला मिठाचा अंदाज येऊच देत नाही. शंभर खोकी रांधली तरी माणूस भात रांधायला शिकत नाही, कात्रीने पुडी कापायला शिकतो.

तेव्हा माझा उपाय सोपा आहे. खोके ठेवा, पुडी टाका, आणि रांधणारा बदला. मुद्दाम पुरुषांसाठी कृती देतो. एक वाटी तांदूळ धुऊन निथळा. पाव वाटी बारीक शेवया हाताने मोडून चमचाभर तुपात मंद आचेवर बदामी होईपर्यंत परता. समोरून हलू नका, शेवया क्षणात करपतात. त्यात जिरे, चार मिरी, एक तमालपत्र आणि तांदूळ घालून दोन मिनिटे परता. अडीच वाट्या उकळते पाणी, पाऊण चमचा मीठ घाला. झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा-सतरा मिनिटे शिजवा. गॅस बंद करून आणखी दहा मिनिटे झाकण काढू नका. झाला कॅप्टेनियनबाईंचा पिलाफ. मॅकरोनी करायची तर ती उकडून घ्या, त्यातले अर्धी वाटी पाणी राखा, तेलात लसूण आणि टोमॅटो परतून मॅकरोनी आणि ते पाणी घाला, वर जीरावन भुरभुरा. जीरावनात मीठ असते, म्हणून वरचे मीठ बेताने. रविवारी शेवया कोरड्याच भाजून, न धुतलेला तांदूळ आणि अख्खा मसाला मिसळून बरणीत भरून ठेवला की तुमचे स्वतःचे खोके तयार. यातला तांदूळ धुवायचा नसतो, म्हणून आधी नीट निवडून घ्या.

खोक्याचे एक मात्र कौतुक करायलाच हवे. त्याच्या पाठीवर किती पाणी, किती मिनिटे, हे स्वच्छ छापलेले असते. आजीच्या कृतीत 'अंदाजाने' असायचे, आणि तो अंदाज फक्त मुलींच्याच हाती सोपवला जायचा. खोक्याची पाठ मुलगा वाचू शकतो, नवरा वाचू शकतो, निवृत्त काकाही वाचू शकतात. चष्मा तर त्यांच्या खिशातच असतो.

राहता राहिले गव्हले. ते टिकावेत असे मलाही वाटते. वाटीभर वळायला अख्खी दुपार जाते. पण ज्यांना आईच्या गव्हल्यांची आठवण येते त्यांनी पाटावर बसावे, पीठ मळून घ्यावे आणि वळायला सुरुवात करावी. पहिल्या दिवशी दाणे वाकडेतिकडे होतील, खिरीत कुणी मोजत नाही. आपल्याकडच्या शेवयांचे तर आणखी सोपे. उकडीचे गरम गोळे साच्यात घालून दाबायला दोन माणसे लागतात, एक दाबणारा आणि एक खाली ताटली फिरवणारा. दाबायला जोर लागतो, आणि जोर आपल्यात आहे असे आपण पुरुष नेहमी सांगत असतो. येत्या दिवाळीला फोव करणाऱ्या हातांत आपलेही दोन हात असू द्यावेत. त्यानंतर खोक्यांवर जितके बोलायचे तितके बोलावे, मी ऐकायला येईन.