सत्तराव्या क्रमांकाचा हिशोब

इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात ‘क्रुसिबल’ नावाचे एक नाट्यगृह आहे. १९७७ पासून तेथे दर वर्षी सतरा दिवस नाटके बाजूला सारून रंगमंचावर स्नूकरची जागतिक स्पर्धा मांडली जाते. ५ मे २०२५ रोजी झाओ शिंतोंग हा चिनी तरुण तेथे मार्क विल्यम्सला हरवून जगज्जेता झाला आणि त्याला पाच लाख पौंड मिळाले. आपल्या रुपयांत ही रक्कम साडेपाच कोटींच्या घरात जाते. अशी बातमी वाचली की या खेळात पैसा आहे अशी आपली समजूत होते. पैसा आहेच. पण ज्याची हयात बँकेत गेली, त्याला नुसता पैसा पाहून समाधान होत नाही. तो कोणाच्या खात्यात, कोणत्या तारखेला आणि किती खात्रीने जमा होतो, हे पाहण्याची त्याला खोड लागलेली असते. त्या नजरेने पाहिले तर पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा सत्तराव्या क्रमांकाचा खेळाडू मला जास्त बोलका वाटतो.

जगातला सत्तरावा हृदयशल्यविशारद कर्ज मागायला शाखेत आला, तर मॅनेजर खुर्चीतून उठून त्याच्यासाठी चहा मागवील. स्नूकरमधला सत्तरावा माणूसही लहानपणापासून रोजचे पाच-सहा तास टेबलावर वाकून तयार झालेला असतो. एका दमात शंभर गुणांचा ब्रेक करणे ही त्याच्या दृष्टीने नित्याची बाब असते. पण त्याचा अर्ज माझ्यापुढे आला असता, तर मी पेन खाली ठेवून विचारात पडलो असतो.

कारण या व्यवसायाची घडणच तशी आहे. व्यावसायिक दौऱ्यावर साधारण १२८ खेळाडू असतात. नव्याला ‘टूर कार्ड’ मिळते ते दोन वर्षांच्या मुदतीचे. मोसम संपला की पहिले ६४ आपोआप टिकतात. ज्यांची मुदत भरली आणि जे चौसष्टांत नाहीत, त्यांचे कार्ड बहुधा जाते. मानांकनही वेगळ्या गुणांवर ठरत नाही, गेल्या दोन वर्षांत बक्षिसांपोटी किती पौंड मिळवले यावर ठरते. थोडक्यात, पासबुक हीच गुणपत्रिका. नवा खेळाडू शून्य शिलकेने खाते उघडतो आणि ज्यांच्या खात्यात आधीच जमा आहे त्यांच्याशी स्पर्धा करतो.

आता खर्चाची बाजू पाहू. पगार नाही, भत्ता नाही. सरावाच्या टेबलाचे भाडे, प्रवास आणि हॉटेल हे सारे बहुतांशी स्वतःच्या खिशातून. समजा, एका स्पर्धेला जाण्या-राहण्याचे ६०० पौंड लागले आणि वर्षात पंधरा स्पर्धा खेळल्या, तर ९,००० पौंड क्यू हातात घेण्याआधीच गेले. परदेशवारीचा खर्च यात धरलेला नाही. २०१३ नंतर बहुतेक स्पर्धांत सर्वांना पहिल्या फेरीपासूनच उतरवण्याची पद्धत आली. दिसायला ती न्यायाची होती. पण पहिल्याच फेरीत समोर रॉनी ओ’सुलिव्हन आला आणि हरलो, तर हाती काय? बहुतेक ठिकाणी कितीतरी वर्षे याचे उत्तर ‘काही नाही’ असेच होते. परतीचे तिकीट मात्र आधीच काढलेले असे.

यातला एक विरोधाभास तर कादंबरीत घातला असता तर संपादकाने खोडला असता. चीनमध्ये होणाऱ्या अनेक स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या इंग्लंडमध्ये, शेफील्ड किंवा बार्न्सलीसारख्या गावांत होत आल्या आहेत. म्हणजे चिनी मुलाला चीनमध्ये खेळायचे तर आधी शेफील्डला बिऱ्हाड करावे लागते! पंधरा-सोळा वर्षांची पोरे घर, भाषा आणि जेवण सोडून तेथे येऊन राहिली आहेत.

हा खेळ पूर्वी श्रीमंत होता असेही नाही. १९८५ मध्ये डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस यांचा अंतिम सामना ब्रिटनमध्ये मध्यरात्र उलटून गेल्यावरही १ कोटी ८५ लाख लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. पुढे शुल्क भरणाऱ्या कोणालाही दार उघडले गेले. १९९२ मध्ये ब्लॅकपूलच्या एका हॉटेलात शेकडो खेळाडूंच्या पात्रता फेऱ्या सुरू होत्या. कोवळ्या ओ’सुलिव्हनने तेथे ७६ पैकी ७४ सामने जिंकले. त्याच्याकडून हरलेल्यांची नावे कोणाच्या लक्षात असण्याचे कारण नाही, पण त्यांनीही हॉटेलचे बिल भरलेच असेल. स्पर्धांना तंबाखू कंपन्यांचा आधार होता, तो कायद्याने सुटला आणि खेळाला उतरती कळा लागली.

२०१० मध्ये बॅरी हर्न यांनी सूत्रे हाती घेतली. दहाएक वर्षांत बक्षिसांची एकूण रक्कम चौपटीच्या आसपास गेली, हे त्यांचे कर्तृत्व नाकारता येणार नाही. २०१८-१९ च्या मोसमात जड ट्रम्पने दहा लाख पौंडांवर बक्षिसे मिळवली. असे करणारा तो पहिलाच. मात्र जिंकेल त्याला मिळेल, हरलेल्याला पोसणे हे खेळाचे काम नव्हे, हे हर्न यांचे तत्त्व होते. धंद्याच्या दृष्टीने ते चूक नाही. मला खटकते ते इतकेच की सारी जोखीम ज्याच्याकडे सर्वांत कमी भांडवल आहे त्याच्याच माथी येते. बँकेने असे केले तर तिला आपण सावकारी म्हणतो.

२०२२-२३ च्या मोसमात चाचणी म्हणून प्रत्येक खेळाडूला वर्षाकाठी किमान २०,००० पौंडांची हमी देण्यात आली. आपल्या वाचकाला वाटेल, वीस लाख रुपये म्हणजे चैनच की! पण त्या वर्षी ब्रिटनमध्ये प्रौढ कामगाराचे किमान वेतन तासाला साडेनऊ पौंड होते. आठवड्याला चाळीस तास आणि वर्षाचे बावन्न आठवडे, असा गुणाकार करून पाहा : १९,७६० पौंड. दुकानात फळ्या लावणारा माणूस तेवढे मिळवतो आणि त्याला गावोगावच्या हॉटेलचे भाडे भरावे लागत नाही. शिवाय ही हमी बक्षिसांतून वळती होणारी होती. पुढे मिळालेली बक्षिसे आधी तिच्यात जिरायची, वरचे काही उरले तर ते खेळाडूचे. आपल्याकडे ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याला मुकादमाकडून मिळते, तिला उचल म्हणतात. एक फरक मात्र नोंदवायला हवा. इथे बक्षिसे कमी पडली तरी तूट खेळाडूच्या अंगावर राहत नव्हती.

याच मोसमात ते मोठे प्रकरण बाहेर आले. जून २०२३ मध्ये दहा चिनी खेळाडूंना मॅचफिक्सिंग आणि सट्ट्याशी संबंधित गुन्ह्यांबद्दल शिक्षा झाल्या. लियांग वेन्बो आणि ली हांग यांच्यावर आजन्म बंदी आली. गरिबीमुळे पोरे बिघडली, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह मला होतो, पण हिशोब तसा जुळत नाही. पाच वर्षांची बंदी आलेला यान बिंगताओ २०२१ चा ‘मास्टर्स’ विजेता होता आणि त्या एका जेतेपदाचे अडीच लाख पौंड त्याला मिळालेले होते. लियांगनेही मोठी स्पर्धा जिंकलेली होती. मोह भरल्या पोटीही होतो, हे कर्जबुडव्यांच्या फायली चाळलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. पण ज्याच्या खिशात परतीचे भाडे नाही, त्याला एक सामना सोडण्याचे काही हजार पौंड दाखवणे किती सोपे, हेही तितकेच खरे. त्यातून जागतिक स्पर्धेच्या फलकावर वर्षानुवर्षे नाव झळकत होते ते एका बेटिंग कंपनीचे!

त्या दहांतल्या एकाला वीस महिन्यांची बंदी झाली. त्याने स्वतःचा सामना सोडला नव्हता, पण दुसऱ्याच्या व्यवहारात तो सामील होता आणि सामन्यांवर त्याने पैसे लावले होते. तो म्हणजेच झाओ शिंतोंग. २०२५ ची स्पर्धा तो कार्ड नसलेला हौशी खेळाडू म्हणून, चार पात्रता सामने जिंकून खेळला.

आपला या खेळाशी संबंध जन्माचा आहे. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत कंटाळलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी तो काढला, असे मानतात. मुंबईचा आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीतल्या मानांकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. तेथवर जाणारा तो पहिला भारतीय. पंकज अडवाणी याने मात्र २०१४ मध्ये व्यावसायिक कार्ड परत केले. त्या निर्णयात सारा हिशोब पैशाचाच होता असे मी म्हणणार नाही, पण त्याच्यामागे एका सरकारी तेल कंपनीची नोकरी आहे. आमच्या बँकांतही खेळाडूंची भरती होई आणि दुपारी तीनला मैदानावर पळणाऱ्या कारकुनाकडे बाकीचे जरा तिरक्या नजरेने पाहत. त्या ‘सवलती’ची किंमत मला शेफील्डचा हिशोब मांडताना कळते. इंग्लंडमधल्या सत्तराव्या खेळाडूला अशी खुर्ची नाही.

क्रुसिबलमधला शेवटचा सामना संपला, की थोड्याच दिवसांत ‘क्यू स्कूल’ नावाची स्पर्धा सुरू होते. २०११ पासून ही प्रथा आहे. नुकतेच कार्ड गेलेले चाळिशीतले खेळाडू आणि मिसरूड फुटलेली पोरे तेथे शेजारशेजारच्या टेबलांवर खेळतात. प्रवेशशुल्क स्वतः भरायचे असते आणि बक्षिसाची रक्कम नसते. जो शेवटपर्यंत जिंकत जातो त्याला दोन वर्षांचे कार्ड मिळते.