काकूंची मेस बंद पडू देऊ नका

सदाशिव पेठेत, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांचं पोट मेसवर चालतं. मेस बंद पडली की काय होतं, ते मार्च २०२०मध्ये साथीमुळे लागलेल्या टाळेबंदीत पुण्याने पाहिलं. गावी जाऊ न शकलेली पोरं खोल्यांत अडकली. खोलीत गॅस नाही, शेगडीला घरमालकाची मनाई. मग किटलीतल्या पाण्यात नूडल्स, नाहीतर चहा-बिस्किटं नि फरसाण. लेक्चर मोबाइलवर, झोप पहाटे, दिवसाचं पहिलं जेवण दुपारी तीनला.

साठ किलो वजनाच्या तरुणाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. नूडल्सच्या पाकिटातून मिळतात जेमतेम पाच-सहा ग्रॅम, आणि वर मीठ भरपूर. मेसचं साधं ताट बघा. पोळीतली लायसीनची उणीव आमटीतली डाळ भरून काढते, लिंबाच्या फोडीमुळे पालेभाजीतलं लोह अंगी लागतं, ताकातून कॅल्शियम आणि बी-१२ मिळतं. शिवाय जेवायची वेळ ठरलेली असते नि पंगतीला सोबत असते. एकट्यासाठी नीट जेवायचा कंटाळा करणारा पोरगाही चौघांत बसला की भाजी मागून घेतो. दोन दिवस खाडा पडला तर काकू विचारतात, "कुठे होतास रे? बरं नव्हतं का?" टाळेबंदीत हे विचारणारंच कुणी उरलं नव्हतं.

शिकायला आलेल्या पोरांना जेवू घालायचं काम या शहराला नवं नाही. वार लावून आणि माधुकरी मागून शिकलेल्या पिढ्या इथल्याच. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह उभं राहिलं, १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती. सरकारनेही मनावर घेतलं, तेव्हा २६ जानेवारी २०२०ला दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी टाळेबंदीत पाच रुपयांवर आणली.

मेस मात्र महिन्याच्या आगाऊ पैशांवर चालते. पोरं गेली की किराणा थकतो, जागेचं भाडं थांबत नाही. म्हणून मागणी स्पष्ट आहे. विद्यापीठाने आणि कॉलेजांनी बंद पडलेली कॅन्टीनं नाममात्र भाड्यात बचत गटांना द्यावीत. महापालिकेने विद्यार्थ्यांच्या मेसची नोंद ठेवावी आणि पुन्हा साथ आली तर त्यांचे डबे पहिल्या दिवसापासून अत्यावश्यक सेवेत धरावेत. घरमालकांनो, निदान डाळ-भात शिजवण्यापुरती मुभा द्या.

आणि पोरांनो, ऑफर दिसली म्हणून रोज ॲपवरून मागवू नका. महिन्याचे पैसे एक तारखेला भरा, खाडे आदल्या दिवशी सांगा आणि खोलीत एकटा पडलेल्या मित्राला सोबत घेऊन जा. पुण्याबाहेर शिकलेल्यांनीही आपापल्या गावातली मेस आठवावी आणि एखाद्या गरजू पोराच्या महिन्याच्या जेवणाचे पैसे तिथे भरावेत. साथ आल्यावर नवी चूल मांडायला सवड नसते. आज चालू आहे तीच टिकवू या.