रिकामा डबा

‘आमचे तुझ्यावर प्रेम आहे’ असे वाक्य मराठी घरात आईवडील मुलांशी सहसा बोलत नाहीत. बोललेच, तर यांची प्रकृती ठीक आहे ना, अशी मुलालाच काळजी वाटेल! आपल्याकडे त्या वाक्याची जागा ‘जेवलास का?’ या प्रश्नाने घेतली आहे. सिनेमातले संवाद ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीला हा प्रश्न कोरडा वाटतो. वस्तुतः त्यामागे केवढी तरी खटपट उभी असते.

ती पाहायची असेल तर सकाळी एखाद्या तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर जावे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली, ती माणसांची ने-आण करण्यासाठी. पुढे खेड्यापाड्यांतल्या आईबापांनी याच गाड्यांतून, बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांचे जेवण पाठवायला सुरुवात केली. मुक्कामाची गाडी पहाटे सुटते, म्हणून आई त्याच्याही आधी उठून भाकरी थापते. वडील पिशवी घेऊन फाट्यावर उभे राहतात, डबा ड्रायव्हरच्या स्वाधीन करतात आणि तसेच शेताकडे वळतात. डब्यावर मुलाचे नाव असते. आत चिठ्ठी नसते.

परंतु या मूक प्रेमाचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. जे बोलून दाखवले जात नाही, ते घेणाऱ्याला हक्काचे वाटू लागते. भाजी खारट झाली तर आपण आठवणीने कळवतो. चांगली झाली तर कळवत नाही. ‘त्यांना कुठे शब्दांची अपेक्षा असते?’ हा युक्तिवाद आपल्याच सोयीचा आहे. त्यांच्या अबोलपणात संकोच असतो, आयुष्यभराची सवय असते. आपल्या अबोलपणात बहुधा आळसच असतो.

शेजारच्या घरून आलेले भांडे रिकामे परत करू नये, अशी आपली रीत आहे. निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालतात. हा डबा मात्र रोज परतीच्या गाडीने रिकामा जातो, पुष्कळदा न घासताच. मित्रांनो, तो घासून पाठवावा. कधी त्यात दोन ओळींची चिठ्ठी घालावी. आईला वाचता येत नसेल तर शेजारचे पोर वाचून दाखवील. आणि सुट्टीत घरी गेल्यावर एके दिवशी तिच्या आधी उठून आपण चहा ठेवावा, भाकरी थापावी. मुलग्यांनी तर अवश्य थापावी. वाकडी झाली तरी चालेल.