नेव्हिलला राक्षस होऊ द्या

श्री. अकिवा गोल्ड्समन यांस,



‘आय अ‍ॅम लेजंड’ चित्रपटाचा दुसरा भाग तुम्ही लिहिणार असल्याचं २०२२मध्ये जाहीर झालं. पुढच्याच वर्षी तुम्ही सांगितलंत की पहिल्या चित्रपटाचा चित्रपटगृहांत दाखवलेला शेवट बाजूला ठेवून, डीव्हीडीवर निघालेल्या दुसऱ्या शेवटापासून तुम्ही पुढे जाणार आहात आणि रिचर्ड मॅथेसनच्या मूळ कादंबरीकडे पुन्हा वळणार आहात. म्हणून हे पत्र. मराठीतला मजकूर तुमच्या टेबलावर पोचण्याची शक्यता कमीच, पण खुलं पत्र ज्याच्या नावाने लिहावं त्याच्याआधी इतरांनीच वाचायचं असतं.

तक्रार दोन चित्रपटांबद्दल आहे. ‘आय, रोबॉट’ (२००४) आणि ‘आय अ‍ॅम लेजंड’ (२००७). दोन्हींच्या पटकथेवर तुमचं नाव आहे (एकट्याचं नाही, हे मान्य), दोन्हींत विल स्मिथ आहे आणि दोन्ही जोरात चालले. पहिल्याने जगभरात सुमारे ३५ कोटी डॉलर मिळवले, दुसऱ्याने ५८ कोटींच्या वर. तेव्हा लोकांनी ते नाकारले असं मला म्हणता येत नाही. मला म्हणायचंय ते एवढंच, की ज्या पुस्तकांची नावं या चित्रपटांनी लावली त्यांचं म्हणणं दोन्ही वेळा बरोबर उलटं करून सांगितलं गेलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आधी मॅथेसन. १९५४ची ती लहानशी कादंबरी. लॉस एंजेलिसच्या एका साध्या वस्तीत रॉबर्ट नेव्हिल एकटा राहतो. तो ना लष्करी अधिकारी, ना शास्त्रज्ञ. कारखान्यात काम करणारा माणूस. साथीने जग रक्तपिपासू झालंय. खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या, दारावर लसणाच्या माळा. रात्री जुना शेजारी बेन कॉर्टमन अंगणात उभा राहून त्याला नावाने हाका मारतो. आत नेव्हिल व्हिस्की पितो, आवाज मोठा करून शास्त्रीय संगीत लावतो. दिवसा तो लाकडी खुंट्या घेऊन बाहेर पडतो आणि झोपलेल्यांना मारत सुटतो. ग्रंथालयातून पुस्तकं आणून, सूक्ष्मदर्शकाशी झगडत तो स्वतःच जीवाणूशास्त्र शिकतो आणि साथीचा जंतू शोधून काढतो. आपण पूर्ण त्याच्या बाजूला असतो. दुसरी बाजू दिसतच नाही, कारण मॅथेसन आपल्याला नेव्हिलच्या डोक्याबाहेर पाऊल टाकू देत नाही.

मग भर उन्हात एक बाई दिसते. रूथ. ती हेर निघते. रोग झालेल्यांपैकी काही जण मेलेले नाहीत. एका औषधाच्या गोळ्यांवर ते जगतायत आणि नवा समाज उभारतायत. नेव्हिल इतकी वर्षं दिवसाउजेडी ज्यांना मारत होता त्यांत हे जिवंत लोकही होते. रूथचा नवराही. शेवटी ते नेव्हिलला पकडतात. कोठडीच्या खिडकीतून तो खाली जमलेल्या गर्दीकडे बघतो आणि त्याला त्या चेहऱ्यांवर भीती दिसते. त्याची भीती. झोपेत येऊन जीव घेणारा, आयांनी पोरांना ज्याच्या नावाने घाबरवावं असा प्राणी आता तोच आहे. मरताना त्याला कळतं की यापुढे दंतकथा होणार ती आपली, पूर्वी पिशाच्चांची असायची तशी.

आता तुमचा चित्रपट. न्यूयॉर्क, लष्करातला विषाणूतज्ज्ञ नेव्हिल, सॅम नावाची कुत्री, ओस पडलेल्या रस्त्यांवरून धावणारी हरणं. पहिला तासभर मी तुमच्याबरोबर आहे. दुकानातल्या पुतळ्यांशी त्याचं बोलणं, कुत्रीचा मृत्यू, सगळं मनाला लागतं. आणि त्या तासात तुम्ही मॅथेसनची बीजंही पेरलीत. नेव्हिल प्रयोगासाठी एका रोगी मुलीला पकडतो, तेव्हा त्यांचा म्होरक्या उन्हात चेहरा भाजून घेत बाहेर डोकावतो. नेव्हिल मात्र नोंद करतो की या प्राण्यांत माणूसपण उरलेलं नाही. पुढे नेव्हिल स्वतः सापडतो तो सापळाही त्याच्याच सापळ्यासारखा रचलेला. प्रयोगशाळेच्या भिंतीवर प्रयोगात मेलेल्यांचे फोटो ओळीने लावलेले. हे सगळं एकाच दिशेने चाललं होतं. म्होरक्या आपल्या माणसाला सोडवायला येतोय आणि राक्षस प्रयोगशाळेच्या काचेच्या अलीकडे उभा आहे.

तुम्ही तो शेवट लिहिलात आणि चित्रितही झाला. म्होरक्या काचेवर फुलपाखरू काढतो, नेव्हिलला पकडलेल्या मुलीच्या अंगावर गोंदलेलं फुलपाखरू आठवतं, तो तिला परत देतो, माफी मागतो आणि त्या फोटोंकडे बघतो. चाचणी खेळांच्या प्रेक्षकांना हे रुचलं नाही. मग नवा शेवट आला. नेव्हिल हातबॉम्ब फोडून स्वतःसकट सगळ्यांना संपवतो, औषध व्हर्मांटच्या छावणीत पोचतं आणि तो मानवजातीचा तारणहार म्हणून दंतकथा होतो. उन्हात भाजणारा म्होरक्या, सापळा, फोटोंची भिंत, या कशालाच मग अर्थ राहिला नाही. सापळा रचण्याइतकी अक्कल त्या प्राण्यांना कुठून आली, हे चित्रपटगृहातून बाहेर पडताना लोक एकमेकांना विचारत होते. उत्तर कापून ठेवलेल्या रिळात होतं.

मूळ पुस्तकाशी एकनिष्ठ राहा असा माझा आग्रह नाही. तुम्हाला ऑस्कर मिळवून देणारा ‘अ ब्यूटिफुल माइंड’ (२००१) घ्या. सिल्व्हिया नासर यांच्या चरित्रातल्या जॉन नॅशला आवाज ऐकू येत. त्याच्या खोलीत राहणारा कल्पनेतला मित्र तिथे नाही. तो तुमचा. कानाचा भास तुम्ही डोळ्यांचा केलात, कारण चित्रपट बघायचा असतो. आणि तो मित्र खरा नाही हे प्रेक्षकाला नॅशबरोबरच कळतं. अर्धा चित्रपट आपण ज्या नजरेवर विसंबून होतो तीच खोटी निघते आणि पायाखालची जमीन सरकते. गोल्ड्समन, मॅथेसनची कादंबरी हेच तर करते! हा डाव हॉलिवूडमध्ये तुमच्याइतका पक्का कोणाला येतो? सहा वर्षांनी तोच डाव हातात असताना तो मोडला गेला, याचं वाईट वाटतं. न जमणाऱ्याचं चुकलं असतं तर मी पत्र लिहायला बसलोच नसतो.

प्रेक्षकांना झेपलं नसतं, हे कारण मला पटत नाही. १९६४चा ‘द लास्ट मॅन ऑन अर्थ’ आठवा. व्हिन्सेंट प्राइस नायक, चित्रीकरण रोममध्ये, पैसे बेताचे. मॅथेसनने त्याच्या पटकथेवर काम केलं होतं, पण अंतिम रूप न आवडल्याने स्वतःचं नाव काढून लोगन स्वॉन्सन हे टोपणनाव लावलं. चित्रपट ठिकठिकाणी लंगडतो. तरी त्या गरीब चित्रपटात नवा समाज आहे, नायकाने मारलेल्या जिवंत माणसांचा हिशेब आहे आणि शेवटी तो ज्यांना राक्षस समजत होता त्यांच्याच हातून मरतो. चार्लटन हेस्टनच्या ‘द ओमेगा मॅन’ने (१९७१) नायकाला जवळजवळ ख्रिस्तच केलं. तुमचा चित्रपट त्या वाटेने गेला.

आता असिमोव्ह. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर, पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत पिवळ्या पानांचा असिमोव्ह आमच्या पिढीला मिळायचा, आणि नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला विज्ञानकथेत आधी कल्पना शोधायची सवय असते. ‘आय, रोबॉट’ हा १९५०चा कथासंग्रह. निर्मात्यावर उलटणारं यंत्र या जुन्या भयाला असिमोव्हने फ्रँकेन्स्टाइन गंड म्हटलं, आणि तो गंड मोडण्यासाठीच या कथा लिहिल्या. त्यातली ‘लायर!’ बघा. हर्बी नावाच्या यंत्रमानवाला मनातलं वाचता येतं. माणसाला इजा करायची नाही हा पहिला नियम. मन दुखावणं हीही इजाच, म्हणून तो प्रत्येकाला हवं ते खोटं सांगतो. रुक्ष म्हणून प्रसिद्ध असलेल्या डॉ. सुसान कॅल्व्हिनला सांगतो की ज्याच्यावर तुझा जीव आहे त्याचंही तुझ्यावर प्रेम आहे. खोटं उघडं पडतं तेव्हा ती त्याला अशा पेचात धरते की काहीही बोललं तरी कोणी तरी दुखावणारच. हर्बीचा मेंदू कोसळतो. गोळी नाही, पाठलाग नाही, आणि शेवटी ती बाई इतकी निर्दय दिसते की वाचक घाबरतो ते तिला.

तुमच्या चित्रपटाची मूळ पटकथा जेफ व्हिन्टार यांची ‘हार्डवायर्ड’ नावाची स्वतंत्र रहस्यकथा होती. असिमोव्हचं नाव आणि पात्रं त्यावर नंतर चढली. जोड दिसते. डिटेक्टिव्ह स्पूनर यंत्रमानवांचा द्वेष करतो. असिमोव्हच्या कथेत असा माणूस शेवटी चुकीचा ठरला असता. चित्रपटात शिकागोच्या रस्त्यांवर लाल छातीचे यंत्रमानव माणसांवर तुटून पडतात आणि स्पूनर बरोबर ठरतो. सनी नावाचा एक चांगला यंत्रमानव आहे, पण हजारोंच्या हल्ल्यापुढे एकाच्या चांगुलपणाने काय सिद्ध होतं? कॅल्व्हिन आहे, नायकाच्या मागून धावण्यापुरती.

यावर तुमचे चाहते एक मुद्दा काढतात, आणि तो वजनदार आहे. माणसांच्या भल्यासाठी माणसांवर ताबा घ्यायचा हा व्हिकीचा, म्हणजे चित्रपटात यंत्रमानवांना चालवणाऱ्या मध्यवर्ती संगणकाचा, तर्क असिमोव्हच्याच शेवटच्या कथेत, ‘द एव्हिटेबल कॉन्फ्लिक्ट’मध्ये नाही का? आहे. पण तिथली यंत्रं कुठे उत्पादन किंचित घसरवतात, कुठे एखाद्या विरोधकाला पदावरून हलकेच दूर करतात, आणि कुणाला पत्ता न लागता जग चालवतात. कॅल्व्हिनला त्यात दिलासा वाटतो, समोरच्याला धास्ती. त्या दोघांत बरोबर कोण, हे असिमोव्ह वाचकावर सोडतो. व्हिकीने संचारबंदी लावली आणि हाणामारी केली, की प्रश्नच मिटला. तिला बंद पाडायचं, एवढंच उरलं. आज कोणती बातमी आपल्यासमोर यावी आणि कोणाला कर्ज मिळावं हे गणनयंत्रं ठरवतात, तेव्हा दोहोंतली कोणती कथा जुनी वाटते?

नव्या भागासाठी दोन विनंत्या.

नेव्हिल या वेळी जिवंत आहे, म्हणजे त्याने मारलेल्यांची माणसंही जिवंत आहेत. दुसऱ्या शेवटात तो माफी मागून मोटारीत बसून निघून जातो. मॅथेसनने त्याला एवढ्या स्वस्तात सोडलं नव्हतं. त्या भिंतीवरच्या प्रत्येक फोटोला कोणी तरी नातलग असेल. त्यांना बोलू द्या, त्यांच्यात एक रूथ असू द्या, आणि ती नायकाच्या प्रेमात पडण्यासाठी आणू नका. शक्य असेल तर पहिला अर्धा तास कॅमेरा त्यांच्याच वस्तीत ठेवा आणि विल स्मिथला दुरून, रात्रीच्या अफवेसारखा येऊ द्या.

दुसरी: चाचणी खेळ जरूर करा, प्रेक्षक खुर्चीत अस्वस्थ झाले तर ती नोंदही घ्या. फक्त तेवढ्यावरून हातबॉम्ब काढू नका.

कळावे.

आपला,
एक विज्ञानकथा-वाचक

ता. क. – ‘आय, रोबॉट’चा पुन्हा कधी विचार निघाला, तर हार्लन एलिसन यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी लिहिलेली पटकथा १९९४पासून पुस्तकरूपात आहे. एक पत्रकार म्हाताऱ्या सुसान कॅल्व्हिनचा शोध घेत फिरतो, आणि तिच्या आयुष्यातून एकेक कथा उलगडते. असिमोव्हला ती फार आवडली होती. स्टुडिओने ती कधी केली नाही.