गोष्टींतला भूगोल

परीक्षा जवळ आली कीं मुलाच्या हातचें गोष्टीचें पुस्तक काढून घ्यावयाचें, हा आपल्या घरांतील शिरस्ता; आम्हीही तो पाळीत आलों. स्वीडनमधील शिक्षकसंघानें मात्र नेमकें उलट केलें. शाळांसाठीं भूगोलाचें वाचनपुस्तक त्यानें सेल्मा लागरलॉफ या कथालेखिकेकडून लिहवून घेतलें. १९०६-०७ सालीं तें दोन भागांत निघालें. मुक्या प्राण्यांना छळणारा नील्स वीतभर उंचीचा होतो आणि हंसाच्या पाठीवरून सारा देश पाहतो. शेतें, अरण्यें, खाणी वाचकाच्याही डोळ्यांपुढें उभ्या राहतात. शिवाय नील्सला प्राण्यांविषयीं कळवळा येतो, हा नीतिपाठ निराळाच! तेव्हां पुस्तक हिसकावण्यापूर्वीं मुलाला एवढेंच विचारावें, "तुझा नायक आज कोठें पोंचला? नकाशांत दाखव, आणि येथून तें किती दूर, तें मोज पाहूं!"