हाताला काम हवे

घरातील कर्त्या माणसाला पक्षाघात होतो, तेव्हा सारे घर हादरते. प्राण वाचतो, रुग्ण इस्पितळातून घरी येतो, आणि खरी कसोटी तेथून पुढे सुरू होते. अशा वेळी परदेशी असलेला मुलगा विचारतो, "एखादे यंत्र पाठवू का?" या प्रश्नाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

यंत्रे आज पुष्कळ आहेत, आणि त्यांची परीक्षाही झाली आहे. ब्रिटनमधील ७७० रुग्णांच्या पाहणीचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. यंत्रमानवाच्या साहाय्याने व्यायाम केलेल्यांचा हात, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या हातापेक्षा अधिक कामाचा झाला नाही. २०१६ सालच्या दुसऱ्या पाहणीत काही रुग्णांना पडद्यावरचा व्हिडिओ खेळ दिला, इतरांना पत्ते, चेंडू असे साधे खेळ. दोन्ही गट सुधारले, आणि त्यांच्या प्रगतीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

मग यंत्र निरुपयोगी का? मुळीच नाही. अमेरिकेत १२४ रुग्णांपैकी निम्म्यांनी घरीच, इंटरनेटवरून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम केला. २०१९ च्या अहवालानुसार त्यांचा हात दवाखान्यात जाणाऱ्यांइतकाच सुधारला. ज्याला बस चढणे कठीण, त्याला खिशातला फोनही मोठा आधार होऊ शकेल.

आम्ही शिक्षक एक गोष्ट जाणतो. पाटी कितीही सुंदर असो, अक्षर वळते ते गिरवण्यानेच. मेंदूचेही तसेच आहे. तीच हालचाल शेकडो वेळा केल्याने तो हरवलेली वाट पुन्हा शोधतो.

येथेच आपली माया आड येते. आपण आईला घास भरवतो, तिची बटणे लावतो, पेला तिच्या ओठांशी नेतो. हेतू चांगला, परंतु न वापरलेला हात वापरच विसरतो. तिला वेळ लागू द्या, थोडे सांडू द्या. मात्र दुबळा हात धरून ओढू नका, त्याने खांद्याला इजा होते. कोणता व्यायाम किती करावा, हे फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवा.

मुलाने यंत्र पाठविले तर आनंदाने घ्यावे. पण त्याने रोज संध्याकाळी फोनवर आईसमोर बसून तिच्याबरोबर व्यायाम मोजला, तर ती भेट अधिक मोलाची ठरेल. आणि घरात असलेल्या नातवंडांनी आज पत्त्यांचा जोड काढावा. पाने आजीलाच वाटू द्यावीत.