झाडांचे स्टेरॉइड : भीतीही नको, हावही नको

“यजमानांनी द्राक्षबागेवर फवारायला एक बाटली आणली आहे. दुकानदार म्हणाला, स्टेरॉइड आहे, मणी फुगतील. ही द्राक्षे मुलांना द्यावीत का?” असे एका वाचक भगिनीने विचारले आहे. शंका अनेक घरांतली आहे, म्हणून उत्तर सर्वांसाठी.

स्टेरॉइड म्हटले की व्यायामशाळेतली इंजेक्शने आठवतात. पण स्टेरॉइड हे एका औषधाचे नाव नव्हे, ते रेणूच्या घडणीचे नाव आहे. आपल्या शरीरातले कोलेस्टेरॉलही त्याच घडणीचे. झाडे स्वतःची स्टेरॉइड संप्रेरके बनवतात, त्यांना ब्रासिनोस्टेरॉइड म्हणतात. १९७० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांना मोहरीच्या कुळातील रेप या पिकाच्या परागात त्यांचा सुगावा लागला. १९७९ मध्ये मधमाश्यांनी गोळा केलेल्या सुमारे २२७ किलो परागातून जेमतेम ४ मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ हाती आला. बिया, दाणे, फळे यांतून तो अत्यल्प प्रमाणात आपल्या पोटात जातच असतो.

आपल्याकडे द्राक्षासाठी होमोब्रासिनोलाइड ०.०४ टक्के मिळते. म्हणजे लिटरभर औषधात अर्धा ग्रॅमही नाही, आणि तेही पुढे पाण्यात मिसळायचे. ते पेशींना लांबण्याचा, वाढण्याचा निरोप देते. पण निरोप म्हणजे अन्न नव्हे. वेलीला खतपाणीच नसेल, तर नुसत्या निरोपाने मणी कसे भरणार? शिवाय मात्रा जास्त झाली, तर वाढ उलट खुंटते.

जपानी शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. भातात हे संप्रेरक थोडे कमी केले, तर पाने ताठ उभी राहिली. खालच्या पानांपर्यंत ऊन पोहोचले, रोपे दाट लावता आली आणि जादा खत न देता दाट लागवडीत उत्पादन सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. म्हणजे फायदा जास्तीत नाही, मापात आहे.

तर आपा, ‘स्टेरॉइड’ या नावापायी मुलांची द्राक्षे बंद करू नका. मात्र यजमानांना तीन गोष्टी सांगा. बाटलीवर घटक आणि नोंदणी क्रमांक छापलेला असावा, पक्के बिल घ्यावे आणि लेबलवरच्या मापापेक्षा थेंबभरही जास्त घालू नये. खरी काळजी बागेवरच्या कीटकनाशकांची आणि बुरशीनाशकांची करा. शेवटच्या फवारणीनंतर लेबलवर सांगितलेले दिवस भरल्याशिवाय घड तोडू नका, आणि घरी आणलेली द्राक्षे वाहत्या पाण्यात नीट धुऊनच ताटात वाढा.